शेवटची बस सावकाश जाते

"दुसरी कुठलीही रेकॉर्ड ने, म्हाताऱ्या," नेलिदा म्हणाली. "कपाट भरून वाहतंय. हीच कशाला?"

आन्सेल्मो एचेवेरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मऊ फडक्याने तबकडी पुसत होता. आतून बाहेर, गोल गोल, अगदी निवांत. तान्दील गावातली निम्मी घड्याळं या माणसाने दुरुस्त केली होती. चर्चच्या मनोऱ्यावरचं घड्याळ मागे पडलं तर पाद्री सुद्धा आधी त्याला बोलावी आणि मग देवाला.

"आज शेवटची फेरी आहे," तो म्हणाला. "शेवटच्या हाताला माणूस हुकमाचा एक्का टाकतो. दुर्री टाकत नाही."

"मी आपलं सांगितलं. पुढे तू आणि तुझं नशीब."

एवढं बोलून तिने थर्मासमध्ये येर्बाच्या कडू चहाचं पाणी ओतलं. ही गोष्ट ती त्या आठवड्यात तिसऱ्यांदा सांगत होती. पण लग्नाला सदतीस वर्षं झालेल्या नवऱ्याला तिसऱ्यांदा सांगितलेलं ऐकू येतं असं कुणी पाहिलंय का?

झालं होतं असं की आमच्या गावच्या रेडिओला तीस वर्षं पूर्ण झाली, आणि निवेदिका मार्सेला किरोगाच्या डोक्यात आलं की दर शनिवारी दुपारी तीन वाजता एक वाद घालायचा: आजवरचा सगळ्यात थोर रॉक अल्बम कोणता? लोकांनी फोन करून मतं द्यायची. आता तान्दीलच्या माणसाला वाद घालायला कारण लागत नाही, इथे तर आमंत्रणच मिळालं. न्हाव्याकडे वाद, खाटकाच्या रांगेत वाद. एका मयताला तर विधवेचं सांत्वन करताना एक गृहस्थ म्हणाले, "भला माणूस होता हो. अल्बमच्या बाबतीत जरा चुकला, पण भला होता."

चार शनिवारांनंतर दोनच अल्बम उरले. एक तितो सुबेल्दियाचा. तितो म्हणजे चौकातल्या सलामी आणि चीजच्या दुकानाचा मालक, आन्सेल्मोचा शाळेपासूनचा मित्र आणि तेव्हापासूनचाच शत्रू. त्याची बाजू इंग्रजांच्या एका जगप्रसिद्ध अल्बमची होती. दुसरा अल्बम आन्सेल्मोचा: 'शेवटची बस', बँडचं नाव 'मेदानोस', साल चौऱ्याऐंशी. समुद्राकाठच्या नेकोचेआ गावातल्या चार पोरांनी तो काढला आणि पुढच्या वर्षी बँड मोडला. अख्ख्या गावात त्याची एकच प्रत होती, आन्सेल्मोच्या कपाटात. एक रेडिओ बंद पडला तेव्हा त्याच्या सामानातून ती त्याने उचलली होती. मधल्या गोल कागदावर त्या रेडिओच्या शिक्क्याचा जाडजूड कागद चिकटवलेला होता. कव्हरवर समुद्राकडे तोंड करून उभे असलेले चौघे, सगळ्यांचे केस खांद्यापर्यंत. मागे नुसतं 'आवाज: आ. लूना'. बाकी काही नाही.

असला अल्बम शेवटच्या फेरीत आलाच कसा? अहो, अडतीस वर्षं आन्सेल्मोच्या घरी जो कुणी गेला, मग तो घड्याळ आणायला का गेला असेना, त्याला ती तबकडी ऐकावी लागली होती. गाणी अशी संथ, अशी जड, की एक कडवं संपेपर्यंत माणसाला आपली सगळी पापं आठवत. कंटाळा आला असं म्हणायची सोय नव्हती, म्हणणारा अडाणी ठरायचा. म्हणून प्रत्येक जण मान हलवून "वा, काय खोली आहे!" असं म्हणत बाहेर पडे आणि पुढच्याला पाठवी.

एकटा तितो काय तो खरं बोलायचा. मागच्या शनिवारी भर कार्यक्रमात तो म्हणाला होता, "त्या रेकॉर्डची एक बाजू संपेस्तोवर माझी सलामी वाळून विकायला तयार होते."

स्टुडिओत हशा पिकला आणि आन्सेल्मोचं डोकं फिरलं. बास्क वंशाचं रक्त, एकदा तापलं की झाकण उडतं. "ऐका सगळे!" तो माइकवर ओरडला. "हा अल्बम हरला तर जन्मात पुन्हा संगीतावर एक शब्द बोलणार नाही. एचेवेरीचा शब्द आहे!"

"आणि मी हरलो," तितो म्हणाला, "तर तुझी ती बस महिनाभर माझ्या दुकानात वाजेल. गिऱ्हाईक पळालं तरी चालेल."

घरी रेडिओ ऐकत बसलेल्या नेलिदाच्या हातून चमचा पडला. संगीतावर बोलायचं नाही तर हा माणूस बोलणार कशावर? घड्याळांवर तो बोलत नसे, राजकारणाचा त्याला कंटाळा, पोरगी रुसिता दूर कोर्दोबाला. सकाळच्या चहापासून रात्रीच्या सूपपर्यंत या घरात जो आवाज होता तो सगळा संगीतावरचा होता. तिला तो आवाज लागायचा, शेजारच्या नदीसारखा. म्हणून तर ती "दुसरी ने, दुसरी ने" करत मागे लागली होती.

पण आन्सेल्मो निघाला, काखेत तीच तबकडी.

स्टुडिओत रेकॉर्ड लावायचं यंत्र होतं, पण त्याने कुणाला हात लावू दिला नाही. तबकडीच्या कडेला खडूची खूण केली, खिशातलं घड्याळ काढलं आणि पूर्ण एक मिनिट फेरे मोजले.

"तेहेतीस आणि वर एक तृतीयांश," तो अभिमानाने म्हणाला. "मोठी तबकडी तेहेतिसावर, छोटी पंचेचाळिसावर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण अचूक तेहेतीस म्हणजे काय ते घड्याळजीला विचारा. लोक भलत्या वेगात ऐकतात आणि मग म्हणतात, गाणं कळलं नाही!"

"लाव आता," तितो म्हणाला. "मला दुकान उघडायचंय. सोमवारी."

सुई टेकली. आधी ढोल, एकेक ठोका जमिनीत खुंटा ठोकल्यासारखा. मग तो आवाज, खोल, घोगरा, सगळं गमावून बसलेल्या पुरुषाचा. 'बस गेऽऽली... बस गेऽऽली... थर्माऽऽस राहिला घरीऽऽ...'

"ऐका," आन्सेल्मो माइकजवळ कुजबुजला. "बस म्हणजे आमच्या पिढीच्या हातून निसटलेली वर्षं. आणि थर्मास! थर्मास म्हणजे मातृभूमी. बाहेरून थंडगार, आत अजून धग. अशी ओळ इंग्रजांना सात जन्मांत सुचायची नाही. याच गाण्यावर मी माझ्या बायकोबरोबर पहिल्यांदा नाचलो, मार्सेला. ते संपायच्या आत लग्नाचं विचारून टाकलं."

"विचारायला वेळ भरपूर मिळाला असेल," तितो म्हणाला.

मार्सेला हसू दाबत पुढे झुकली. "आन्सेल्मोकाका, तुमच्यासाठी एक गंमत ठेवलीये. दोन आठवडे शोधाशोध करून आम्ही आ. लूनांना गाठलं. नेकोचेआहून फोनवर आहेत. बोला!"

आन्सेल्मोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अडतीस वर्षं तो या माणसाला मनातल्या मनात पत्रं लिहीत होता. उभा राहिला, टोपी काढली. फोनवर टोपी दिसत नाही हेही त्याला सुचलं नाही.

"लूनासाहेब," तो कापऱ्या आवाजात म्हणाला, "तुमच्या दुःखाला माझा नमस्कार."

"कुणाचं दुःख?" पलीकडून एक खणखणीत बायकी आवाज आला. "मी आमालिया लूना. लोकरीचं दुकान चालवते इथे. आणि मार्सेला, तुझ्या मागे हे कोण विव्हळतंय गं? कुणी गेलं का तुमच्याकडे?"

"बाई, ही... ही तुमचीच रेकॉर्ड आहे," आन्सेल्मो म्हणाला.

"माझी? मग गाणारा हा बाप्या कोण?"

तबकडी फिरत राहिली आणि बाप्या थर्मासच्या नावाने आक्रोश करत राहिला. मग फोनवर हसण्याचा असा फवारा उडाला की मार्सेलाने कानावरचा हेडफोन लांब धरला.

"अगं बाई गं! पंचेचाळिसावर लावा! आमच्याकडे गाणी सहाच होती. कंपनीवाला म्हणाला, मोठी तबकडी पंचेचाळिसावर काढू, आवाज दणदणीत येतो. मधल्या कागदावर लिहिलंय की!"

मधल्या कागदावर शिक्का होता. आन्सेल्मोने सुई उचलली, खिशातला बारीक चिमटा काढला आणि बायकोच्या पायातला काटा काढावा तितक्या हळुवार हाताने त्या शिक्क्याची कड उकलली. खाली लाल अक्षरात, ठसठशीत, आकडा होता: ४५.

तितोने न विचारता हात लांब करून यंत्राची कळ सरकवली आणि सुई पुन्हा टेकवली. ढोल टाळ्यांसारखे वाजायला लागले, गिटार नाचायला लागली आणि एक विशीतली पोरगी खिदळत गाऊ लागली, 'बस गेली, बस गेली, थर्मास राहिला घरी!' काचेपलीकडची साफसफाईवाली बाई झाडू घेऊन नाचायला लागली.

"आम्ही समुद्रावर निघालो होतो," आमालिया सांगत होती. "थर्मास विसरला. आणायला मागे पळालो तर बस सुटली. त्याचंच गाणं केलं."

"म्हणजे थर्मास म्हणजे मातृभूमी नव्हे?" तितोने अगदी गरीब चेहऱ्याने विचारलं.

"थर्मास म्हणजे थर्मास, हो! निळा होता. झाकण गळायचं."

आन्सेल्मो लाल झाला, मग पांढरा, मग पुन्हा लाल. "हा माझा अल्बम नाही!" तो टेबलावर हात आपटून ओरडला. "हा भलताच कुठला तरी आहे! माझ्या अल्बमचा याच्याशी तिळमात्र संबंध नाही!"

"म्हणजे दोन वेगळे अल्बम धरायचे, काका?" मार्सेलाने विचारलं. ती नियमाने चालणारी बाई होती.

"दोन! वेगळे! लिहून घ्या!"

तिने लिहून घेतलं. तासभर फोन खणखणले. एक मत खुद्द आमालियाचं होतं. तिने ते संथ अल्बमला दिलं, म्हणाली, "मी आयुष्यात इतकी दुःखी कधीच नव्हते, पण ऐकायला बरं वाटलं." मग मार्सेलाने शांतपणे निकाल वाचला. तितोचे इंग्रज, दोनशे बारा. संथ 'शेवटची बस', एकशे एकोणपन्नास. जलद 'शेवटची बस', एकशे एकवीस. दोन्ही बसची बेरीज सगळ्यांनी मनातल्या मनात केली आणि सगळ्यांनी आन्सेल्मोकडे पाहिलं. त्यानेही केली होती.

तितो जिंकला खरा, पण त्याला मजा येईना. घरापर्यंत तो आन्सेल्मोच्या बरोबर चालत आला.

"सोड रे ती शपथ," तो म्हणाला. "मस्करीत बोललेलं कुणी धरतं का? चल, माझ्या इंग्रजांना चार शिव्या घाल. बरं वाटेल."

आन्सेल्मोने नकारार्थी मान हलवली. एचेवेरीचा शब्द होता.

"हे बघ गड्या. आपल्या टेकडीवरचा डुलता दगड शंभर वर्षांपूर्वी पडला. आता तिथे खोटा दगड बसवलाय, हलत सुद्धा नाही. तरी लोक फोटो काढायला येतातच ना? मग?"

आन्सेल्मोला बोलायचं होतं खूप, पण दगडावरून गाडी गाण्यावर येणार हे त्याने ओळखलं. त्याने नुसता मित्राचा खांदा दाबला आणि तो आत गेला.

नेलिदा रेडिओ बंद करून बसली होती. टेबलावर सूप होतं. त्याने तबकडी खुर्चीवर ठेवली, गुपचूप चमचा उचलला आणि घरात अशी शांतता पसरली की भिंतीवरच्या सात घड्याळांची टिकटिक वेगवेगळी ऐकू यायला लागली. नेलिदाला ते पाच मिनिटंही सोसवलं नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

त्याचा चमचा वाटेतच थांबला.

"चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात मी मावशीकडे नेकोचेआला होते. ते चौघं वाळूत वाजवायचे. तीन रात्री नाचलेय मी त्या बसवर, अनवाणी. पुढच्या वर्षी तू मला तुझ्या घड्याळांच्या दुकानाच्या माडीवर बोलावलंस, रेकॉर्ड लावलीस. पहिल्या ठोक्यालाच कळलं मला. सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तू डोळे मिटून हात पुढे केलास."

आन्सेल्मोने तोंड उघडलं. शपथ आठवली. मिटलं. भुवया मात्र केसांपर्यंत गेल्या.

"असा काय बघतोस? खऱ्या वेगात ते गाणं तीन मिनिटांत संपतं, आणि हात सोडून उड्या माराव्या लागतात. तू इकडे, मी तिकडे. तुझ्या वेगात चार मिनिटं पुरतं, आणि हात सोडायचं काही कारणच नाही. एक मिनिट फुकटचं मिळत होतं, कोण सोडेल? नंतर म्हटलं, सांगू कधीतरी. मग रुसिता झाली, मग राहूनच गेलं." तिचे डोळे भरून आले. "पण आज मात्र तुला सांगायला हवं होतं. चुकलंच माझं."

आन्सेल्मो उठला. त्याने तबकडी घरातल्या यंत्रावर ठेवली. कळीवर बोट ठेवून तो क्षणभर थांबला, मग ती पंचेचाळिसावर सरकवली आणि बायकोपुढे हात केला.

पहिलं कडवं दोघं नाचले. काय नाचले! टेबल सरकलं, सूप हिंदकळलं, शेजारणीने खिडकीतून डोकं काढलं. दुसऱ्या कडव्याला त्याचा गुडघा कुरकुरला आणि तिला धाप लागली. बस काही थांबेना. शेवटी नेलिदाच लटपटत यंत्रापाशी गेली आणि तिने कळ खाली ओढली. पोरीचा आवाज घसरत घसरत घोगरा झाला, ढोल थकले आणि थर्मास पुन्हा एकदा सावकाश घरी राहिला. तिने परत येऊन त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"तुझंच बरोबर होतं, म्हाताऱ्या," ती म्हणाली. "हे गाणं असंच ऐकायचं असतं."

अडतीस वर्षांत संगीताच्या बाबतीत हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं होतं, आणि नेमकं त्यावर आन्सेल्मोला एक शब्दही बोलता येत नव्हता.