बोंबील विरुद्ध सुरमई

पक्षांची चिन्हं ठेवली तर गावात भांडणं लागतील, म्हणून प्रा. कमलाकांत सावे यांनी सराव मतदानासाठी माशांची चिन्हं निवडली. बोंबील आणि सुरमई.

पालघरच्या एका कॉलेजात ते राज्यशास्त्र शिकवत. किनाऱ्यावरच्या मतदारांवरचा त्यांचा प्रबंध अकरा वर्षं रखडला होता आणि विद्यापीठानं दिवाळीची शेवटची मुदत दिली होती. उरलं होतं एकच प्रकरण, तेही या कोळीवाड्यावरचं.

मतदान शांततेत झालं. बोंबील निवडून आला. सरांनी निकाल मोठ्यानं वाचला आणि ते एसटीनं घरी गेले.

पुढच्या रविवारी ते मुलाखतींसाठी आले, तेव्हा सुरमईवाल्यांच्या होड्या ओढायच्या रेतीवर काठ्या रोवून बोंबील वाळत घातले होते.

"येसूबाई, हे काय?" सरांनी बोंबीलवाल्यांच्या पुढारणीला विचारलं.

"आमी जिकलो ना? मंग रेती आमची."

"अहो, तो सराव होता!"

"आनी आमच्या होड्या काय सरावाला पान्यात उभ्या हायत?" सुरमईवाल्यांची गोदूबाई कडाडली. "निकाल तुमीच वाचला, मास्तर. आता तुमीच निस्तरा."

सरांनी फेरमतदान सुचवलं. येसूबाई म्हणाली, जिंकलेल्यानं परत का उभं राहायचं? गोदूबाई म्हणाली, या खेपेला पापलेटलाही उभं करा, बोंबलाची मतं फुटतील. सरांनी अल्पमताच्या हक्कांवर भाषण दिलं. ते संपेपर्यंत बायका एकमेकींच्या आजीपर्यंत पोचल्या होत्या.

सर थकून उलट्या होडीवर बसले. मग देवळापुढे गाव जमलं. थोड्या वेळानं दोघी हसत गर्दीतून बाहेर आल्या आणि बोंबलाच्या काठ्या मिळून उपटू लागल्या.

सर उठून उभे राहिले. "एकमत झालं? इतक्या लवकर? कशावर?"

"तुमी परत गावात येयाचं नाय, यावर," येसूबाई म्हणाली.

"दोगींचा पयल्यांदाच पटला," गोदूबाईनं भर घातली.

"पण माझं प्रकरण..." सर पुटपुटले. "निदान मतदान तरी नीट घ्या. प्रस्तावाच्या बाजूनं कोण?"

सगळ्या गावानं हात वर केले. सवयीनं सर मोजू लागले. पहिल्यांदा मोजले तेव्हा गावच्या माणसांपेक्षा एक हात जास्त भरला. दुसऱ्यांदाही तसंच झालं.

तो त्यांचा स्वतःचाच होता. त्यांनी तो खाली घेतला नाही.