जांभळ्या बोटांचे माने डॉक्टर

माने डॉक्टर लग्नात जेवायला बसले की पंगत त्यांच्या बोटांकडे बघायची. दहाही बोटं जांभळी-गुलाबी. एकदा नवरीचा शालू न्याहाळून ते तिच्या मामाला म्हणाले, "गुलाबी जरा जादा झालंय. एकदा स्पिरिटातनं काढायला पायजे हुतं."

मिरजेच्या आमच्या इस्पितळात गाठींचे पातळ काप काचेवर घेऊन मी जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवायचो, जादा रंग स्पिरिटात उतरवायचो, आणि ते त्या ओल्या काचा तशाच बोटांत धरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. रोग्यांसमोर मात्र यायचे नाहीत. कुणी नातेवाईक दारात दिसला की हे मागच्या दाराने चहाला. "पेशी बऱ्या गड्या," म्हणायचे. "रडत न्हाईत."

गळ्यातल्या थायरॉईडच्या गाठींवर त्यांचा विशेष जीव. तिथल्या पेशी गोल कोंडाळं करून मध्ये रस साठवतात. रंगवला की तो गुलाबी दिसतो. कर्करोग झाला तरी कोंडाळी आणि रस शाबूत असले की डॉक्टर खूश. "बिघडलीय, पन वळण सोडलं न्हाई. ही बाई लय दिवस जगंल." रस नसला, पेशी सैरावैरा दिसल्या, की काच बाजूला सारून पुढची मागायचे.

आणीबाणीच्या साली थायरॉईडच्या गाठीची एक काच मी त्यांच्यापुढे ठेवली. बराच वेळ बघून म्हणाले, "तुझा रंग बिघडलाय. पुन्हा कर." नवा रंग केला, तरी तेच. मग त्यांनी दुसऱ्या कुणाच्या चांगल्या गाठीचा काप सोबत रंगवायला लावला. तो छान गुलाबी आला. पहिल्यात गुलाबी रस कुठंच नव्हता.

"आक्काची हाय," ते म्हणाले.

आई गेल्यावर आष्ट्याच्या या थोरल्या बहिणीनेच त्यांना वाढवलेलं. त्या दिवशी ते पहिल्यांदा वॉर्डात गेले. मी मागोमाग. आक्का पदर गळ्याभोवती ओढून बसल्या होत्या.

"काय निघालं रं?" आवाज पार बसलेला.

"चांगलं न्हाई."

"व्हय. मला वाटलंच." मग म्हणाल्या, "जेवलास का?"

डॉक्टरांनी रजा काढून आक्कांना आष्ट्याला नेलं. घास उतरेना, तेव्हा स्वतः पेज करून चमच्याने भरवली. दिवाळीआधीच त्या गेल्या.

कामावर परतल्यावर एका दुपारी ते नुसतेच बसून होते. मी चहा ठेवला.

"दर भाऊबीजेला ती समोर बसून ववाळायची," ते म्हणाले. "दोन-तीन वरसं पदर असा गळ्याला गुंडाळलेला. तवा बघितलं असतं तर गाठ कापून निघाली असती." चहावर साय धरत होती. "मी करंज्या खात हुतो."