बाही सोडून

खोपोलीच्या बाबूमास्तर शिंप्यांनी मला फसवलं. ब्लाउजच्या क्लासला स्वतः पैसे भरून पाठवलं, आणि बाही शिकू दिली नाही.

मास्तरांना ओळखणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. "तेवढं सोडून बोल" हे त्यांचं पालुपद. मेथी घेताना म्हणणार, "देठं सोडून वजन कर." न्हाव्याला म्हणणार, "मागचं राहू दे, मला कुठं दिसतंय? तेवढे पैसे कमी घे." सत्यनारायणाला भटजींनाही सुचवून पाहिलं, "चौथा अध्याय सोडून सांगा." भटजी पोथी बांधून उठले, तेव्हा कुठे मास्तर वरमले.

त्यांच्या दुकानात मी काजं-बटणं करायची. दुकान पुरुषांच्या कपड्यांचं. कारखान्यांच्या कॉलनीतल्या बायका दारावरून परत जायच्या, ते बघून माझा जीव तुटायचा. एक दिवस कात्री खाली ठेवली नि म्हटलं, "मास्तर, कर्जतला ब्लाउजचा क्लास हाय. फी तुमी भरा. गिऱ्हाईक तुमचंच वाढंल."

"अर्धी भरतो."

"मग अर्ध्या बायकांचे ब्लाउज तुमी शिवा."

हसले. फी भरली. पण परस्पर कर्जतला जाऊन क्लासच्या बाईंना सांगून आले, "बाही सोडून शिकवा. ती मी शिकवीन."

मास्तरांना शर्टाची बाही येत होती, ब्लाउजची नाही. पहिल्याच गिऱ्हाइकाला त्यांच्या सांगण्यावरून मी शर्टासारखी बाही लावली. त्या बाईनं हात वर केला की ब्लाउज वर जाई, ब्लाउज खाली ओढला की हात खाली येई. भर दुकानात तिनं माझा उद्धार केला. ती गेल्यावर मी मास्तरांचा केला. "समदं शिकू दिलंत, नि नेमकं हेच कापलंत? असे किती वाचले हो?"

मास्तर मान खाली घालून दोरा ओवत राहिले. "पैशाचं नाय गं. आधी तिघांना कॉलर शिकवली. कॉलर आली तसे गेले. तुलाबी बाही आली का तू जाशील."

कोपऱ्यात तीन मशिनं झाकलेली असायची. मास्तर दर शनिवारी त्यांना तेल घालत, पण विकत नसत. मला वाटायचं, भाव येत नसेल.

मी म्हटलं, "बाही शिकणार. फी तुमीच भरायची. नि पाटीवर माझं नाव लावायचं. मग कुठं जात नाय."

मास्तरांनी यातलं काहीच सोडायला सांगितलं नाही.

आज पाटीवर दोन नावं आहेत आणि बायका नंबर लावून थांबतात. ते तिघं कर्जत, चौक आणि खालापूरला दुकानं थाटून 'मास्तर' म्हणवून घेतात. खंडेनवमीला आम्ही सगळ्या मशिनांना झेंडू घालतो, त्या तिन्हींनासुद्धा. मास्तर मात्र दुपार टळेपर्यंत नारळ फोडू देत नाहीत. रस्त्याकडे तोंड करून बसतात. चौकची एस.टी. येते, माणसं उतरतात, गाडी निघून जाते.

म्हणून माझं त्या तिघांना सांगणं आहे. मला फसवलं त्याचा हिशेब मी मास्तरांशी चुकता केला. आता राहिलात तुम्ही. वर्षातून एकदा या दारात यायला तुम्हाला कुणी अडवलं होतं? मला सांगू नका. इथं या, आणि त्यांना सांगा.