औषधाला नको, न्याहारीला चालेल

एका जंगलात, बाळांनो, भिंती नव्हत्या. त्यामुळे सुनेच्या कानावर पडू नये ते नेमकं सुनेच्याच कानावर पडायचं.

“पंख काही त्याचा बरा होत नाही. पोरीला वेळेवर माहेरी धाडलेलं बरं,” थोरल्या जाऊबाई सासूबाईंना म्हणाल्या.

हे सातभाई पक्ष्यांचं घर. सगळे एकदम बोलतात. नवी सून अबोली तेवढी गप्प. टेहळणीच्या पाळीत शिक्रा अंगावर आला आणि तिच्या नवऱ्याचा, हुंदड्याचा, पंख मोडला. न उडणारा सातभाई पहिल्याच थंडीत कुणाच्या तरी पोटात जातो.

जंगलात तांबट नावाचे वैद्य होते. कुणी उबवणार नाही अशा उरलेल्या अंड्यांचा ते लेप करीत. बलकाची गंमत अशी, की हाडावर लावला तर हाड होई, पिसावर लावला तर पीस.

हे नीतिमंडळाला समजलं. अध्यक्ष घोरपड, सदस्य धामण, सचिव कावळा. सगळे अंड्यांचे जाणकार.

घोरपडीने गहिवरून सांगितलं, की अंड्यात जीव असतो. औषधासाठी त्याला हात लावायचा नाही. हां, गेल्या पौर्णिमेआधी फोडलेली असतील, ती वापरा. ती तर पानावरच वाळून गेली, वैद्य म्हणाले. मग वाळलेल्यावर संशोधन करा, मंडळ काही संशोधनाच्या विरुद्ध नाही, असं उत्तर आलं.

सासूबाईंना मात्र अंड्यात जीव असतो हे मनापासून पटलं होतं. “अंडं शेवटी पोटाशी धरलेलं असतं गं,” त्या अबोलीला म्हणाल्या.

अबोलीलाही ते माहीत होतं. तिची बाकीची अंडी फुटून वाया गेली होती, एक थंड पडलं होतं. तरी ती दुपारी त्याच्यावर जाऊन बसायची. टाकवत नव्हतं.

हुंदड्यासाठी सवलत मागायला सगळं घर वैद्यांना घेऊन मंडळापुढे गेलं. हुंदड्या फांदीफांदीने उड्या मारत आला. चर्चा रंगली आणि न्याहारीसाठी थांबली. मंडळ खात होतं. खाली अंड्यांची टरफलं पडत होती. सातभाई एरवी कशावरही कलकलाट करतात, पण त्या दिवशी सगळे दुसरीकडे बघत होते.

अबोली उठली. घरट्यात गेली. थंड अंड्यावर घटकाभर बसली. मग ते आणून तिने वैद्यांपुढे ठेवलं.

कावळा म्हणाला, “बाई, औषधाला बंदी आहे.”

सुनेचा आवाज सासरी प्रथमच ऐकू आला.

“औषधाला नाहीच हे. वैद्यबुवा सकाळपासून उपाशी आहेत, त्यांच्या न्याहारीला आणलंय. खाताना थोडं यांच्या पंखावर सांडलं, तर कुणी पुसू नका.”

तात्पर्य : बाळांनो, प्रत्येक अंड्यात जीव असतो, हे कधी विसरू नये. विशेषतः पोट भरलेलं असताना.