वकीलसाहेबांचं बोट

दफनभूमीतल्या पुतळ्याचं अनावरण होऊन आठवडा उलटतो न उलटतो तोच बँक मॅनेजरांचा मुलगा शिल्पकाराच्या कारखान्यात येऊन उभा राहिला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"ते बोट आधी हटवा," तो म्हणाला.

जन्मभर शिल्पकारानं स्वयंपाकघरातले ओटे आणि दारावरच्या पाट्या घडवल्या होत्या. गावातल्या नावाजलेल्या वकिलाचा हा पुतळा म्हणजे त्याचं पहिलं आणि बहुधा शेवटचं खरं काम. त्या चेहऱ्यावर तो वर्षभर राबला होता. काय ती कपाळावरची आठी, काय ती समोरच्याला सोलून काढणारी नजर! हा चेहरा लोकांनी एकदा डोळे भरून पाहावा, एवढंच त्याचं मागणं होतं. वकीलसाहेब कोर्टात बोट रोखून बोलायचे, म्हणून हातही तसाच केला. ते बोट दफनभूमीत कुणावर जाईल, हे मात्र कारखान्यात त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ते जात होतं वाटेपलीकडच्या थडग्यावर, आणि तिथे मॅनेजर चिरनिद्रा घेत होते.

"लोक विचारतात, तुमच्या वडिलांनी असं केलं तरी काय?"

"काय केलं होतं?" शिल्पकार बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

क्रेन आणून पुतळा डावीकडे फिरवला. लगेच डॉक्टरांच्या मुलीचा फोन. बोट आता तिच्या बाबांवर होतं आणि त्यांच्या हातून कोण कोण दगावलं, याची गावभर उजळणी चालली होती. पुतळा उजवीकडे फिरवला, तर बोट थेट फाटकावर.

"अहो, येणारा माणूस दचकतोय," रखवालदार कळवळून सांगू लागला. "काल एका मयताचा जावई आत शिरला, वकीलसाहेबांना बघितलं आणि 'मी काही केलं नाही हो!' म्हणत पळत सुटला. आता सासरची माणसं त्याच्याकडे कशी बघताहेत, विचारू नका."

"बोट छाटून टाका की," क्रेनवाला म्हणाला.

"मग मूठ उरेल. मूठ उगारलेला वकील चालेल?"

"मग हातच काढा."

आपण ओटेच करत राहिलो असतो तर काय बिघडलं असतं, असं शिल्पकाराला मनापासून वाटलं.

शेवटी वकिलीणबाई आल्या. "मागे फिरवा," त्या म्हणाल्या. "मागे यांचंच थडगं आहे. तक्रार करायला कोण उठतंय?"

"बाई, मग चेहरा कुंपणाच्या भिंतीकडे जाईल! वाटेवरून नुसती पाठ दिसेल!"

"फिरवा म्हटलं ना."

पुतळा फिरला. बोट बरोबर वकीलसाहेबांच्या स्वतःच्या थडग्यावर आलं. ते बघून बाईंचे डोळे भरून आले.

"इतकी वर्षं संसार केला, भाऊ. दूध उतू गेलं, चूक माझी. छत्री हरवली, चूक माझी. आज पहिल्यांदा यांनी स्वतःकडे बोट दाखवलं." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "आता हात लावाल पुतळ्याला तर बघा!"

शिल्पकारानं वर्षभर राबून घडवलेला चेहरा आता ओल धरलेल्या भिंतीकडे सोलून काढणाऱ्या नजरेनं बघत होता.

काही दिवसांनी तो तिथे गेला, तर एक गृहस्थ वाटेवर उभे राहून पुतळा न्याहाळत होते.

"हा तुम्ही घडवलात? वा! बघत राहावं असं काम आहे."

शिल्पकाराला भरून आलं. "चेहरा बघा ना, साहेब! इकडून, भिंतीला चिकटून थोडं आडवं सरकलं की—"

"छे, चेहरा राहू द्या. आमच्या वडिलांचा पुतळा करायचाय. चेहरा म्हटला की भावाभावांत भांडणं, नाक कुणासारखं आलं आणि कुणासारखं नाही. असाच पाठमोरा करून द्या. अशी पाठ दुसऱ्या कुणाला जमायची नाही!"

शिल्पकारानं एकदा भिंतीकडे पाहिलं. मग खिशातून टेप काढली आणि वडील खांद्यात किती रुंद होते, ते निमूटपणे विचारून घेतलं.