आ करा, तिसऱ्या भागाबद्दल बोलू

दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडात कापसाचे दोन बोळे कोंबत, लाळ ओढणारी नळी अडकवत आणि मग विचारत, "हल्लीच्या मालिकांबद्दल तुमचं काय मत आहे?"

उत्तराची त्यांना गरज नसे. गरज असे ती ऐकणाऱ्याची. घरी बायको दाद देत नसे आणि मुलगी कानात गाणी खुपसून बसे. दवाखान्यात मात्र हक्काचा माणूस खुर्चीत आडवा असे आणि त्याला उठून जायची सोय नसे. कुठल्या सिनेमातलं अंतराळयान पुस्तकातल्यापेक्षा बुटकं आहे, कुठल्या मालिकेचं संगीत दुसऱ्या पर्वापासून नासलं, हे सगळं डॉक्टर दाढ कोरता कोरता समजावून सांगत. पेशंट "आं, आं" करे. "बघा, तुम्हालाही तेच वाटतं," डॉक्टर खूश होऊन म्हणत.

पण त्यांचा खरा जीव अडकला होता तो तरंगत्या बेटाच्या कादंबरीत. तिचे तीन भाग व्हायचे होते, आले होते दोनच. दुसऱ्याच्या शेवटी नावाडीण दीपगृहातल्या विहिरीत पडली आणि लेखक जो गप्प बसला तो बसलाच. तिसऱ्या भागाची वाट बघता बघता वाचकांची पोरं कॉलेजात गेली. या वाचकांनी इंटरनेटवर एक मंडळ काढलं होतं आणि डॉक्टर त्याचे अध्यक्ष होते. तिसरा भाग वाचल्याशिवाय आपण मरणार नाही, असं ते बायकोला अधूनमधून बजावत.

"मी कुठे घाई करतेय?" बायको म्हणे. दवाखान्याचं बाहेरचं टेबल तीच सांभाळायची.

एका सकाळी एक टक्कल पडलेले, गाल सुजलेले गृहस्थ आले. डॉक्टरांनी चेहऱ्याकडे बघितलंच नाही. ते माणसं ओळखत ती दाढांवरून. भूल दिली, बोळे कोंबले आणि गाडी थेट बेटावर नेली.

"पहिला भाग सोनं आहे हो. पण दुसरा? लेखकाला झोप लागली असणार लिहिताना!"

"आं?" गृहस्थ म्हणाले.

"नाहीतर काय! ज्या बाईनं वादळात नाव हाकली, ती विहिरीत पाय घसरून पडते? मला विचारा तिसऱ्या भागात काय पाहिजे ते."

"आं! आं आं!" गृहस्थांनी हात हवेत नाचवले.

"दुखतंय का? थांबा, अजून थोडी भूल देतो."

दुसऱ्या इंजेक्शननंतर गृहस्थांची जीभच काय, अर्धं नाकही बधिर झालं. त्यांनी खिशातला मोबाइल काढून काहीतरी टाइप करायचा प्रयत्न केला. "हलायचं नाही," म्हणत डॉक्टरांनी तो काढून ट्रेमध्ये ठेवला आणि नावाडिणीला विहिरीतून बाहेर काढायच्या चार युक्त्या ऐकवल्या. पाचवी चालू असताना तात्पुरती कॅप बसली. गृहस्थ ट्रेमधला मोबाइल उचलून, ओघळणारी लाळ रुमालाने पुसत निघून गेले.

डॉक्टरांनी पुढच्या बाईंच्या तोंडात बोळे घातले, तेवढ्यात बायको डोकावली. "काय रंगला होतात हो दोघं! लेखक आहेत म्हणे ते. त्या तुमच्या बेटाचंच काहीतरी लिहितात."

"काय?"

"मला वाटलं, तुम्हाला माहितीये. इतक्या मनापासून बोलत होतात."

डॉक्टरांच्या हातातला चिमटा हातातच राहिला. पुस्तकावरच्या फोटोत लेखकाला भरघोस केस होते! बोळेवाल्या बाईंना तसंच सोडून डॉक्टर मास्क, हातमोजे आणि चिमट्यासकट रस्त्यावर धावले. "थांबा! ऐकून घ्या!" लेखकांनी मागे वळून पाहिलं. चिमटा उगारून धावत येणारा माणूस पाहून ते समोर आलेल्या पहिल्या बसमध्ये चढले. ती बस गावाबाहेरच्या डेपोत चालली होती.

त्यानंतर त्यांचा फोन लागेना. आठवड्याभरात प्रकाशकांनी जाहीर केलं, की लेखकांनी तिसऱ्या भागाचं सगळं हस्तलिखित फाडून टाकलं आहे.

मंडळात हाहाकार उडाला. "कुणीतरी त्यांना नको ते बोललं असणार," एकाने लिहिलं. "कोण तो नालायक?" दुसऱ्याने विचारलं. अध्यक्ष या नात्याने डॉक्टरांना काहीतरी लिहिणं भाग होतं. "खरंच, कोण तो नालायक!" त्यांनी लिहिलं आणि मोबाइल उशीखाली सारला.

डॉक्टर दवाखान्यात मुके झाले. "आ करा" आणि "थुंका", एवढंच बोलत. पेशंट मात्र दुपटीने वाढले. बायको गल्ला मोजताना गाणं गुणगुणू लागली, आणि ते गाणं मूळ चालीत नाही हेसुद्धा डॉक्टरांनी सांगितलं नाही. तेव्हा मात्र ती घाबरली.

आणि एके दिवशी लेखक दारात उभे राहिले. तात्पुरती कॅप निघून आली होती. डॉक्टरांना रडूच फुटायचं बाकी होतं. मान खाली घालून त्यांनी बोळे उचलले.

"थांबा," लेखक म्हणाले. "पाचवी युक्ती अर्धवट राहिली होती तुमची."

"माफ करा हो. माझी जीभ फार सैल आहे."

"माफी कसली मागताय? इतकी वर्षं माझं घोडं अडलं होतं. कथेत एकही जिवंत माणूस सापडेना. तुमच्या खुर्चीत पडल्या पडल्या सापडला. म्हणून तर जुनं सगळं फाडलं! त्या दिवशी मोबाइलवर टिपूनच घेत होतो, तर तुम्ही तो हिसकावलात. बोला आता, अगदी तसंच बोला."

डॉक्टरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते इतके बोलले, की कॅप बसवायला सगळी दुपार गेली. लेखक डोळे मिटून ऐकत होते. मधूनच त्यांचं पोट हलत होतं.

वर्षभरात तिसरा भाग आला. पहिल्याच पानावर छापलं होतं: 'माझ्या दातांच्या डॉक्टरांना, कृतज्ञतेने.' डॉक्टरांनी त्या पानाची तसबीर करून खुर्चीसमोर लावली. नावाडीण भलत्याच युक्तीने बाहेर आली होती, पण त्यांनी ते उदार मनाने चालवून घेतलं. जन्मात कादंबरी न वाचलेली बायकोही पुस्तक घेऊन टेबलाशी बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटली.

"यात हसण्यासारखं काय आहे? गंभीर पुस्तक आहे ते!" आतून डॉक्टर ओरडले आणि खुर्चीतल्या शाळामास्तरांकडे वळले. मास्तरांच्या तोंडात बोळे होते, नळी होती आणि पुस्तक त्यांनीही वाचलं होतं.

"एकूण झकास जमलंय बरं का. फक्त तो विहिरीतला राक्षस तेवढा खोटा वाटतो. म्हणे कैद्यांना आडवं पाडतो, त्यांच्या तोंडात कापूस कोंबतो आणि दिवसभर स्वतःची मतं ऐकवतो. असं कुणी असतं का हो जगात?"

"आं! आं आं आं!" मास्तर तसबिरीकडे बोट दाखवत जिवाच्या आकांताने म्हणाले.

"बघा," डॉक्टरांनी ड्रिल चालू केलं, "तुम्हालाही तेच वाटतं."