इंगोले काकांनी खाल्लेला ‘बा’

दिल्लीत आर. के. पुरमला आमच्या जिन्यात संध्याकाळचे सात वाजले की घड्याळ बघावं लागत नसे. समोरचे इंगोले काका दार सताड उघडून उंबऱ्याशी पाट टाकून बसायचे. अंगात बनियन, खाली ऑफिसचीच पँट, डाव्या हातात बूट, उजव्या हातात ब्रश. आणि ब्रशाच्या तालावर खड्या आवाजात सुरू व्हायचे, “त्राबाखो, त्राबाखास, त्राबाखा! त्राबाखामोस, त्राबाखाइस, त्राबाखान!”

डाव्या बुटाला वर्तमानकाळ, उजव्याला भूतकाळ. चिखलाचे दिवस असले तर भविष्यकाळसुद्धा निघायचा.

माझी मामी त्या क्वार्टरमध्ये नवी राहायला आली तेव्हा तिला वाटलं, ही पाली गाथा असणार. पहिले सहा महिने ती ओट्यापाशी हात जोडून ऐकत होती. खालच्या मजल्यावरचे शर्माजी मात्र थेट विचारायला वर आले.

“इंगोले साहब, ये किस देवता का पाठ है?”

“देवता नहीं शर्माजी, स्पॅनिश! इसका मतलब है, मैं काम करता हूँ, तू काम करता है, वो काम करता है...”

“अरे धीरे बोलिए यार,” शर्माजी म्हणाले, “सरकारी क्वार्टर है.”

मी मामाकडे आले ती कॉलेजसाठी, वाशिमकडच्या एका खेड्यातून. वडील ग्रामपंचायतीत शिपाई, आई दुसऱ्याच्या शेतात निंदायला जायची. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, आणि पुढेही सांगणार. पण मी जेमतेम पहिल्या वर्षाला होते तेव्हापासून मला ‘ग्रॅज्युएट’ म्हणणारा माणूस एकच, इंगोले काका.

“काय ग्रॅज्युएट, कॉलेजातून आलात?”

“अजून व्हायचंय काका.”

“भविष्यकाळ! काळजी नाही. तू नियमित क्रियापद आहेस. होणारच.”

काकांच्या शब्दकोशात यापेक्षा मोठी शाबासकी नव्हती. त्यांच्या मते जगात दोन जातीची क्रियापदं असतात आणि माणसंही तशीच. “नियमित क्रियापद म्हणजे आपला केंद्र सरकारी नोकर,” ते ब्रशानं हवेत खूण करत सांगायचे. “मूळ जागचं हलत नाही. शेपूट तेवढं बदलतं. केडर तेच, पोस्टिंग वेगळं! एकाचं पाठ केलं की हजारांचं आलं. आणि अनियमित क्रियापदं म्हणजे बड्या लोकांचे भाचे. त्यांना नियमच नाही. त्यांच्या नादी लागायचं नाही.”

खरी गोष्ट अशी होती की अनियमित क्रियापदं त्यांना येतच नव्हती.

काका एका मंत्रालयात कारकून होते. तरुणपणी कधीतरी स्पॅनिश बोलणाऱ्या एका देशातल्या वकिलातीत त्यांची बदली व्हायची बोलणी चालली होती. साहेबांनी सांगितलं, थोडी भाषा शिकून ठेवा. काकांनी संध्याकाळचा वर्ग लावला. वर्गात नमुन्याचं म्हणून पहिलं क्रियापद मिळालं ते ‘त्राबाखार’, म्हणजे काम करणे. आठ महिन्यांत काकांनी त्याचे सगळे काळ, सगळे अर्थ मुखोद्गत केले. विमलकाकूंनी पापड लाटून डब्यात भरले, लोकरीचा सूट शिवून झाला, एक भली मोठी निळी सूटकेस आली. मग यादी लागली. यादीत दुसऱ्याचं नाव होतं. कुणाचा तरी भाचा.

वर्ग तिथंच सुटला, पुढच्या धड्यात अनियमित क्रियापदं होती. सूटकेसमध्ये रजया गेल्या. राहिलं ते ‘त्राबाखार’.

“मग रोज कशाला म्हणता काका?” मी एकदा विचारलं.

“अर्धवट फाइल बंद करता येत नाही, ग्रॅज्युएट. पेंडिंग ठेवायची आणि रोज वर काढायची.”

त्या एका क्रियापदात त्यांनी आपली सगळी नोकरी बसवली होती. भविष्यकाळ हा त्यांच्या मते मंत्रालयात सर्वांत जास्त चालणारा काळ. ‘असं व्हावं, असं घडावं’ म्हणणारा अर्थ हा अर्जदारांचा: “मंजुरी मिळावी ही विनंती. बघ, आपण जन्मभर याच अर्थात बोललो.” आज्ञार्थ आला की ते ब्रश खाली ठेवायचे. “हे आपलं खातं नाही. मी साहेब कधी झालोच नाही. आज्ञार्थ आतून येतो.” आणि आतून खरोखरच यायचा, “अहो, पॉलिश पुरे! कणकेत पडतंय!”

विमलकाकू चौथी पास. वही त्यांनी कधी हातात धरली नाही. पण पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकायच्या. बदलीचं ठरत होतं तेव्हा काकांनी त्यांना सांगितलं होतं, तिथं तुलाच बाजारात जावं लागेल, तेव्हा कान उघडे ठेव. त्यांनी ठेवले ते ठेवलेच.

काकांची चुकायची एक जागा ठरलेली होती. आपल्याकडं ‘मी काम करायचो, आम्ही काम करायचो’ असा जो रोजच्या सवयीचा भूतकाळ आहे ना, तसा स्पॅनिशमध्येही आहे. त्यात दर रूपात एक ‘बा’ येतो. काका झोकात सुरू करायचे, “त्राबाखाबा, त्राबाखाबास, त्राबाखाबा...” आणि ‘आम्ही’पाशी आले की पाय घसरायचा, “त्राबाखामोस!”

फोडणी चरचरत असो, कुकरची शिट्टी होवो, आतून हाक यायचीच. “बा खाल्ला!”

“काय?”

“बा खाल्ला म्हणते! त्राबाखा-बा-मोस!”

“हां हां, त्राबाखाबामोस.”

“रोज खाता. पोट कसं दुखत नाही?”

जिन्यातले सगळे हसायचे. पोरं तर वाटच बघत असायची. क्रिकेट थांबवून खालून ओरडायची, “अंकल ने बा खाया!” शर्माजींनी एकदा मला विचारलं होतं, ये ‘बा’ कोई मराठी मिठाई है क्या?

मी हे सगळं हसत हसत शिकले. पुढं ठरवून भाषेचा रीतसर अभ्यास केला, अनियमित क्रियापदांच्याही नादी लागले, आणि आज गुरुग्रामला एका कंपनीत स्पॅनिश बोलणाऱ्या ग्राहकांचे फोन घेते. पहिल्या मुलाखतीत बाईंनी स्पॅनिशमध्ये विचारलं, स्वतःबद्दल काही सांगा. माझी अशी घाबरगुंडी उडाली की तोंडातून धडाधड बाहेर पडलं, मी काम करते, तू काम करतेस, तो काम करतो, आम्ही काम करतो. बाई हसत सुटल्या. म्हणाल्या, एवढी सगळी माणसं कामाला लावलीत, आता एकटीनं काय करता ते सांगा. नोकरी मिळाली. पेढे घेऊन गेले तर काकांनी मला पाटावर बसवलं, माझ्या सँडलना पॉलिश केलं आणि काकूंना म्हणाले, “बघ, आपलं पोस्टिंग आलं.”

काका निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं. दिल्लीतल्याच द्वारकेला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर त्यांनी लहानसा फ्लॅट घेतला. विमानतळ जवळ असल्यानं दर थोड्या वेळानं डोक्यावरून विमान जातं आणि बोलणं मध्येच तोडावं लागतं. “एवढ्या विमानांतलं एकही आपलं नव्हतं,” काकू म्हणायच्या. पण रडवेल्या होऊन नाही. रजयांची सूटकेस दाखवून म्हणायच्या.

दोन वर्षांपूर्वी काकूंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात थोडा परत आला, चालणंही आलं, धरून धरून. बोलणं गेलं. कळतं सगळं, हसतात, रागावतात, भाजीत मीठ कमी असलं तर वाटी दूर सारतात. पण शब्द येत नाही. त्यांना बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, रोजच्या ओळखीचं काहीतरी समोर म्हणत राहा. कुणाला आकडे आठवतात, कुणाला वार. जे जिभेवर घट्ट बसलंय ते आधी सुटतं. घाई करू नका.

काकांनी आकडे म्हटले, वार म्हटले, दोघांच्या गावांपर्यंतची स्टेशनं म्हटली. काकू नुसत्या बघत राहिल्या. मग एका संध्याकाळी सात वाजता काकांनी बूट काढले. आता ऑफिस कुठलं? पण पाट टाकला तो काकूंच्या खुर्चीसमोर.

मी रविवारी मेट्रोनं त्यांच्याकडे जाते. पहिल्यांदा हा कार्यक्रम बघितला तेव्हा बरं वाटलं. जुना जिना परत आल्यासारखा. काका ब्रश मारत होते, “त्राबाखाबा, त्राबाखाबास, त्राबाखाबा, त्राबाखामोस...”

“बा राहिला काका!” मी पटकन म्हणाले.

काकांनी ब्रशाला पॉलिश लावलं. पुन्हा पहिल्यापासून म्हणाले. पुन्हा त्याच जागी तेच.

“काका, त्राबाखाबामोस. बा खाल्लात.”

ब्रश थांबला. “तुला विचारलं?”

इतक्या वर्षांत काका माझ्यावर पहिल्यांदा चिडले. मला तर आधी मनात आलं, वय झालं काकांचं, विसरायला लागले. आणि मी पगारी स्पॅनिशवाली! माझ्यापुढं चुकीचं म्हटलेलं मला खपेना. मी आणखी समजावायला गेले, “अहो, पण नियम...”

“नियम मला सांगू नकोस, ग्रॅज्युएट. चहा ठेव जा.”

चहा ठेवला. मागून काका स्वयंपाकघरात आले, हळू आवाजात म्हणाले, “ती जागा तिची आहे. तू बोललीस की ती कशाला बोलेल?”

मी गॅस बारीक केला. एवढं शिकून मला हे कळलं नव्हतं.

“म्हणजे तुम्ही मुद्दाम चुकता?”

“आत्ता होय.”

“आणि पुरमला?”

काकांनी कपबश्या काढल्या. पुसलेल्याच पुन्हा पुसल्या. “पहिल्या वेळी खरंच चुकलो. यादी लागली त्याच महिन्यातली गोष्ट. घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. ती आतून म्हणाली, बा खाल्ला. आणि हसली. पंधरा दिवसांनी हसली गं.” मग शेवटची बशी पुसत, “दुसऱ्या दिवशी मी परत खाल्ला.”

त्यानंतर मी रविवारी तोंड मिटून बसते. सवय नाही मला, पण बसते.

गेल्या रविवारची गोष्ट. सात वाजले. काकूंच्या केसांना मी तेल लावून दिलं होतं, त्या खुर्चीत टेकून बसल्या होत्या. काकांनी डावा बूट संपवला, उजवा घेतला. “त्राबाखाबा, त्राबाखाबास, त्राबाखाबा...” एक श्वास. “त्राबाखामोस.”

ब्रश हवेत धरून ते थांबले. रोजच्यासारखे. मीही थांबले.

आणि नेमकं तेव्हाच विमान आलं. खिडकीच्या काचा थरथरल्या, फळीवरचे डबे वाजले. काकांनी मान पुढं केली, कानाशी हात नेला. विमान आपलं जाता जाईना.

मी काकूंकडं बघत होते. त्यांच्या कपाळाला आठी पडली, तीच ती, कणीक मळतानाची. मग दोन्ही ओठ एकमेकांवर मिटले, घट्ट, आणि सुटले.

आवाज गेला. खोली पुन्हा शांत झाली.

“बोलली का काही?” काकांनी मला विचारलं. “मला विमानात ऐकू नाही आलं. तुझे कान तरणे आहेत. सांग, बोलली?”

खोटं सांगणं मला जमलं नसतं. “ऐकू मलाही नाही आलं काका,” मी म्हणाले. “पण ओठ मिटले होते. बा म्हणताना मिटतात तसे.”

काका काकूंकडं बघत राहिले. काकू त्यांच्याकडं, भाजीत मीठ कमी पडल्यासारख्या, रागानं.

मग काका उठले. गॅलरीचं दार लावलं, खिडकी लावली, वरची छोटी झडपसुद्धा स्टूल घेऊन लावली. पंखा बंद केला. घाम पुसत पाटावर येऊन बसले आणि चकचकीत झालेला बूट पुन्हा हातात घेतला.

“हां,” काकूंना म्हणाले. “पहिल्यापासून.”